दांड्यावरचा भार : कॅरव्हॅनची जोड निवडण्याआधी

गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण १९७० साली पूर्ण झालं. गोठणगावजवळच्या या धरणाचं पाणी गोंदिया जिल्ह्यात थांबत नाही. नहरांमधून ते भंडारा आणि गडचिरोलीच्या बांध्यांपर्यंत जातं. पाणी पोचलं तिथे पावसाळी धानाला भरवसा आला, उन्हाळी धानही घेता येऊ लागला. पिकलेला धान शेतातून घरी, घरून खरेदी केंद्रावर आणि तिथून राईस मिलमध्ये नेणं हे हंगामागून हंगाम चालणारं काम झालं. आधी त्यासाठी बंडी होती, मग ट्रॅक्टरमागची ट्रॉली आली. ओढणारं पुढे, ओझं मागे आणि मधे एक जोड, हा प्रकार धरण असलेल्या अर्जुनी मोरगाव तालुक्याला मुळीच नवा नाही. नवी आहे ती कॅरव्हॅन.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात मोटारीवरच बांधलेल्या कॅरव्हॅनबरोबर मागे जोडून न्यायच्या, एका किंवा दोन आसांच्या, घडीच्या आणि तंबूच्या प्रकारांचाही विचार आहे. ही पुस्तिका या दुसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे स्वतःच्या गाडीमागे स्वतःचं छोटं घर जोडून निघणाऱ्यांसाठी आहे. नागपूरहून भंडारा, साकोली करत कोहमाऱ्यापर्यंत महामार्ग, तिथून नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगाववरून इटियाडोह, असा रस्ता नकाशावर सरळ दिसतो. वाटेत नवेगावचं जंगल आहे, गोठणगावच्या शेजारी १९७२ पासून वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, पुढे प्रतापगड आहे. मुक्काम करावा असाच हा भाग. म्हणूनच इथे येणाऱ्याच्या गाडीची जोड नीट असावी, ही कळकळ या लिखाणामागे आहे.

कॅरव्हॅन घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिच, म्हणजे गाडीमागे बसवायचा जोडाचा भाग, कोणता घेऊ? त्याच्या मागोमाग दुसरा : परदेशात मिळतो तो वजन वाटून देणारा हिच लावला तर बरं होईल का? माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे दोन्ही प्रश्न शेवटचे आहेत. पहिला प्रश्न असा, की भरलेली कॅरव्हॅन वजनाला किती आहे आणि त्यातला किती भार तिच्या दांड्यावर, म्हणजे तुमच्या गाडीच्या मागच्या टोकावर येतो. हे दोन आकडे हातात नसताना घेतलेला हिच कितीही महाग असो, तो अंदाजाने घेतलेला असतो. आणि आकडे हातात आले की निम्मी निवड आपोआप होते.

बंडी भरणारा माणूस हे काट्याशिवाय करत आला आहे. तणस किंवा धानाचे कट्टे चढवताना तो मधूनमधून धुरेला, म्हणजे बंडीच्या पुढच्या दांड्याला, हात घालून ती उचलून बघतो. माल मागे जास्त झाला की बंडी उलार होते : धुर वर जाते, जू बैलांच्या खांद्यावरून उठतं आणि गळ्याखालचं जोत आवळलं जातं. माल पुढे जास्त झाला की सगळं ओझं खांद्यावर येतं. बैल चढाला अडतो, उताराला ढकलला जातो आणि चार दिवसांत खांदा सुजतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून बैलांचे खांदे शेकतात. त्या मानाच्या मागे वर्षभर खांद्याने काय सोसलं याची जाणीव आहे. चांगला धुरकरी जुवावर थोडा भार ठेवतोच, पण थोडाच. कॅरव्हॅनच्या दांड्याचं गणित याहून वेगळं नाही. फरक वेगाचा आहे. बंडी उलार झाली तर बैल थांबतो. ताशी ऐंशीच्या वेगात कॅरव्हॅन उलार असेल तर थांबवायला कोणी नसतं.

ट्रॉलीचं उदाहरण आकड्यांत मांडतो, कारण ते इथल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. सरकारी खरेदीत धानाचा कट्टा ४० किलोचा भरतात. दोन चाकी ट्रॉलीत १०० कट्टे घातले की ४ टन झाले. हुकापासून ट्रॉलीच्या आसापर्यंतचं अंतर साडेतीन मीटर धरू. आता हाच सगळा माल फक्त एक फूट मागे रचला गेला, तर हुकावरचा भार जवळजवळ ३५० किलोने कमी होतो. कट्टे तेवढेच, ट्रॉली तीच, ट्रॅक्टर तोच. रचण्यात एका फुटाचा फरक पडला आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरून तीन-चार क्विंटल भार निघून गेला. मग चिखलात चाकं फिरतात, जागा सोडत नाहीत, आणि दोष टायरला दिला जातो. उलट माल फार पुढे रचला की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं घसरत सरळ जातात. रिकामी करतानाही हेच. पुढचे कट्टे आधी उतरवले तर मागच्या ओझ्याने ट्रॉली मागे कलते आणि दांडा वर उसळतो. मागून रिकामी करत पुढे या, ही साधी शिस्त हमालांना ठाऊक असते. कॅरव्हॅनवाल्याने ती त्यांच्याकडून घ्यावी. गाडी सोडवून बाजूला केलेल्या, मागे टेकू न दिलेल्या एका आसाच्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मागच्या पलंगावर जाऊन बसली की तिचा दांडाही तसाच वर येतो. मुक्कामाला पोचलं की आधी चाकांना दगड किंवा ठोकळे, मग चारही कोपऱ्यांचे टेकू, मग दार उघडायचं.

भार एका वाहनावरून दुसऱ्यावर नेऊन पकड वाढवता येते, ही कल्पना शेतीच्या यंत्रांत कधीच रुळली आहे. हॅरी फर्ग्युसनने ट्रॅक्टरच्या मागे तीन जागी अवजार जोडायची जी रचना १९३० च्या दशकात बाजारात आणली, तिचं मर्म हेच होतं, की नांगराचा भार आणि ओढ ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येऊन ती जमिनीला धरून राहावीत. आज इथल्या बहुतेक ट्रॅक्टरला तीच तीन जागांची जोड आहे. तिच्यातली एक गोष्ट कॅरव्हॅनवाल्याने ध्यानात ठेवावी : जोड किती उंचीवर आहे याने सगळं बदलतं. फसलेलं वाहन टोचन करताना साखळी ट्रॅक्टरच्या आसाच्या वर बांधली तर ट्रॅक्टरचं मुंडकं उचललं जातं आणि चालक खाली सापडतो. ओढ नेहमी खालून, ठरवून दिलेल्या दांड्यालाच.

आता कॅरव्हॅनचा दांडा. त्यावर किती भार असावा याबद्दल जगात दोन परंपरा आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्यावर ठेवतात. तिथल्या गाड्या मोठ्या, ट्रेलर जड आणि वेग जास्त. युरोपात ५ ते ७ टक्के सांगतात, कारण तिथे कुटुंबाची साधी मोटार कॅरव्हॅन ओढते आणि तिच्या हिचला बहुधा ७५ ते १०० किलोच भार चालतो. तिथे वेगही बांधलेला आहे : ब्रिटनमध्ये ट्रेलर जोडलेल्या मोटारीला महामार्गावर ताशी ६० मैलांची मर्यादा, जर्मनीत सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटर. एका देशाचा टक्का आणि दुसऱ्या देशाचा वेग घेतला की घोळ होतो. आपल्या रस्त्यांना, आपल्या जीपवजा गाड्यांना आणि आपल्या छोट्या कॅरव्हॅनला ७ ते १० टक्के हा पट्टा योग्य, असं माझं मत आहे. अट एकच, की गाडी आणि हिच यांपैकी ज्याची मर्यादा कमी असेल ती ओलांडायची नाही. भरलेली कॅरव्हॅन १२०० किलोची असेल तर ८४ ते १२० किलो. हिचवर १०० ची मर्यादा लिहिलेली असेल तर १०० च्या आत.

हे मोजायचं कसं? एकूण वजनासाठी धर्मकाटा आहे. गोंदिया जिल्ह्यात राईस मिल जागोजाग आहेत, काटा शोधावा लागत नाही. गाडी एकटी, मग गाडी आणि कॅरव्हॅन मिळून, मग फक्त कॅरव्हॅनची चाकं काट्यावर, अशी तीन वजनं घ्या आणि पावत्या जपून ठेवा. पाण्याची टाकी, सिलिंडर, भांडी, अंथरुणं, सगळं सामान भरून जा. रिकाम्या कॅरव्हॅनचं वजन विक्रेत्याच्या कागदावर असतंच. ते रस्त्यावर कधीच नसतं. दांड्यावरच्या भारासाठी मात्र धर्मकाटा कामाचा नाही, त्याची टप्प्याटप्प्याची मोजणी शंभर किलोंसाठी ढोबळ पडते. इथे धानाचे कट्टे मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा उपयोगी येतो. सपाट जागा बघा, कॅरव्हॅनच्या चाकांना ठोकळे लावा, जॅकने दांडा उचला, आणि गाडीच्या हिचवरच्या बॉलच्या उंचीइतका लाकडी ठोकळा काट्यावर उभा करून कपलर, म्हणजे दांड्याचं बॉलवर बसणारं टोक, त्यावर अलगद टेकवा. ठोकळ्याचं वजन आधीच शून्य करून घ्या. समोर येणारा आकडा म्हणजे तुमच्या दांड्यावरचा भार. घरात फक्त माणसं मोजायचा काटा असेल तर एक भक्कम फळी घ्या : एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि कपलर विटेपासून एक फूट व काट्यापासून दोन फूट अंतरावर टेकवा. काटा दाखवेल त्याला तीनने गुणा. फळीमुळे काट्यावर आलेला आकडा आधी वजा करायला विसरू नका.

एकदा हा आकडा मिळाला की सामान हलवून तो बदलता येतो, आणि हीच या विषयातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. कपलरपासून आसापर्यंत ४ मीटर अंतर असलेल्या कॅरव्हॅनमध्ये ६० लिटर पाण्याची टाकी आसाच्या मागे १.२ मीटरवर असेल, तर ती भरल्यावर दांड्यावरचे १८ किलो कमी होतात. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ५५ किलोची धरा. ती आसाच्या मागे दीड मीटरवरून उचलून आसाच्या पुढे एक मीटरवर ठेवली की दांड्यावर ३४ किलो वाढतात. घरगुती भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा. तो पुढच्या टोकाच्या पेटीत आहे की मागे, यानेही आकडा हलतो. वापरात सिलिंडर रिकामा होतो, टाकी रिकामी होते, म्हणून येतानाचा भार जातानाच्या भाराहून निराळा असतो. पुस्तिकेत यासाठी तक्ता दिला आहे. तो पेन्सिलीने भरायचा आहे, पेनाने नाही.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. दांड्यावर ९० किलो आले म्हणजे काम झालं, असं नाही. तोच ९० चा आकडा दोन प्रकारे गाठता येतो : जड सामान आसाच्या आसपास ठेवून, किंवा अर्धं जड सामान पुढच्या टोकाला आणि अर्धं मागच्या टोकाला टांगून. काटा दोन्हींना सारखंच म्हणेल, रस्ता म्हणणार नाही. टोकांना टांगलेलं वजन एकदा डावी-उजवीकडे डुलू लागलं की ते आवरायला फार जोर लागतो. ट्रक जवळून गेला, वाऱ्याचा झोत बसला, चालकाने घाईने स्टिअरिंग फिरवलं, की कॅरव्हॅन शेपटीसारखी हलू लागते आणि ठरावीक वेगापुढे ते हलणं आपोआप वाढत जातं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात कॅरव्हॅनच्या स्थैर्यावर बरंच काम झालं आहे. तिथे आणि इतरत्र निष्कर्ष एकाच दिशेचे निघतात : वजन आसाजवळ आणि खाली, दांड्यावर पुरेसा भार, आणि वेग आटोक्यात. मागच्या बाजूला सायकली, जनरेटर आणि जादा टायर लावायची हौस ज्यांना आहे त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आता जोडीकडे येऊ. गाडीच्या मागच्या बाजूला जो कडीसारखा हुक कंपनीने दिलेला असतो, तो फसलेली गाडी ओढून काढण्यासाठी असतो. त्याला कॅरव्हॅन लावायची नाही. बंपरला लावलेला दिखाऊ बॉलही नाही. हिच चेसिसला हवा, आणि वेल्डिंगने नव्हे, योग्य ताकदीच्या नटबोल्टने. नागपूर-भंडाऱ्यात चॅनल कापून हिच बनवून देणारे कुशल कारागीर आहेत, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण चेसिसच्या लोखंडाला वेल्डिंगची उष्णता दिली की ते तिथे कमजोर होऊ शकतं, आणि तडा रंगाखाली लपून राहतो. शिवाय घरी बनवलेल्या हिचवर त्याची मर्यादा लिहिलेली नसते. विकतच्या चांगल्या हिचवर पट्टी असते. युरोपीय पट्टीवर दोन आकडे बघायचे : ‘एस’ म्हणजे उभा भार किलोत, आणि ‘डी’ म्हणजे ओढीचा जोर किलोन्यूटनमध्ये. ‘डी’ काढायची रीत अवघड नाही : गाडी आणि कॅरव्हॅन यांची टनांतली वजनं एकमेकांनी गुणा, त्यांच्या बेरजेने भागा, ९.८१ ने गुणा. अडीच टनांची गाडी आणि १.२ टनाची कॅरव्हॅन असेल तर उत्तर ८ च्या किंचित खाली येतं. म्हणजे पट्टीवर ८ किंवा त्याहून मोठा आकडा हवा.

बॉलच्या मापाबाबत इथे धोका खरा आहे, कारण बाजारात दोन्हीकडचा माल येतो. युरोपीय बॉल ५० मिलिमीटरचा, अमेरिकी दोन इंची बॉल ५०.८ चा. फरक एका मिलिमीटरहूनही कमी, डोळ्यांना दिसत नाही. पण ५० चा कपलर ५०.८ च्या बॉलवर नीट बसत नाही, बसल्यासारखा वाटतो, आणि कुलूप पूर्ण पडत नाही. सव्वादोन इंचांच्या वर जाणारा आणखी मोठा अमेरिकी बॉलही आहे. त्यावर लहान कपलर चढणारच नाही. पण लहान बॉलवर मोठा कपलर चढतो, आणि पहिल्या रपट्यावर उसळून निघतो. बॉल आणि कपलर एकाच मापाचे, एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी घ्या. जुन्या लष्करी जीपमागे पाव टनाच्या ट्रेलरला असते तशी कडी-आकड्याची जोड खडबडीत रस्त्याला उत्तम, सगळ्या बाजूंनी वळते. पण ती खडखडते आणि सैल असल्याने डांबरी रस्त्यावर हिसके देते. जंगलातल्या वाटेने नेहमी जाणाऱ्याने तिचा विचार करावा, इतरांना बॉलच बरा.

मग वजन वाटून देणारा हिच. त्याच्याबद्दल गैरसमज सर्वाधिक आहेत, म्हणून जरा सावकाश. गाडीच्या मागच्या आसापासून बॉल १.१ मीटर मागे आहे आणि दोन आसांमधलं अंतर २.७५ मीटर आहे असं धरा. बॉलवर १०० किलो आले की मागच्या आसावर १०० येत नाहीत, १४० येतात, आणि पुढचा आस ४० किलोने हलका होतो. स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा हिस्सा पुढच्या चाकांवर असतो, रात्रीच्या दिव्यांचा झोतही वर जातो. वजन वाटणाऱ्या हिचला कॅरव्हॅनच्या दांड्याला समांतर दोन लवचीक सळया असतात. त्या ताणून बांधल्या की गाडी आणि कॅरव्हॅन यांच्यामधल्या सांध्याला वर दाब मिळतो. वरच्या उदाहरणात त्या इतक्या ताणल्या, की पुढच्या आसाने गमावलेल्या ४० पैकी २० किलो परत मिळाले, तर मागच्या आसावरची वाढ १४० वरून सुमारे ११० वर येते आणि उरलेले ११ किलो कॅरव्हॅनच्या चाकांकडे जातात. पूर्ण ४० परत आणले तर मागच्या आसावर ७८ आणि कॅरव्हॅनच्या आसावर २२ वाढतात. बेरीज प्रत्येक वेळी १०० च. सळया वजन नाहीसं करत नाहीत, वाटून देतात. अनेक उत्पादक निम्म्याच्या आसपास परत आणा असं सांगतात, कारण मागचा आस फार हलका झाला तर वळणावर गाडीचा मागचा भाग घसरू शकतो.

एवढं चांगलं साधन सगळ्यांनीच का लावू नये? कारणं आहेत. सळयांचा ताण गाडीच्या चेसिसला आणि कॅरव्हॅनच्या पुढच्या त्रिकोणी दांड्याला सोसावा लागतो. हलक्या बांधणीच्या छोट्या कॅरव्हॅनचा दांडा त्यासाठी केलेलाच नसतो. कॅरव्हॅनला दाबाने लागणारे ब्रेक असतील, म्हणजे गाडी थांबताना कपलर मागे सरकून ब्रेक लावत असेल, तर सळया ते सरकणं अडवू शकतात. हिच आणि गाडीची उभ्या भाराची मर्यादा सळया लावून वाढत नाही. आणि इटियाडोहच्या परिसरात महत्त्वाचं कारण असं, की नहराच्या पाळीवर चढताना किंवा रपट्यात उतरताना गाडी आणि कॅरव्हॅन यांच्यात कोन पडतो, तेव्हा सळयांवरचा ताण कैकपटींनी वाढतो. अशा जागी त्या सैल करून हळू जावं लागतं. मुक्कामाआधीच्या शेवटच्या टप्प्यात उतरून सळया सैल करायची शिस्त ज्याला नको, त्याने हे साधन घेऊ नये.

माझा कौल असा : भरलेली कॅरव्हॅन १२००-१३०० किलोंच्या आत आणि दांड्यावर १०० किलोंपर्यंत भार असेल, तर वजन वाटणाऱ्या हिचची गरज सहसा पडत नाही. ते पैसे कॅरव्हॅनच्या ब्रेकवर घालवा. त्याच्या पुढे, दांड्यावर दीडशे किलो आणि मोठी दोन आसांची कॅरव्हॅन असेल, गाडी भक्कम चेसिसची असेल आणि तिचा उत्पादक परवानगी देत असेल, तर हा हिच जरूर घ्या आणि जाणकाराकडून बसवून घ्या. बसवल्यावर तपासायची रीत फुटपट्टीची आहे. पुढच्या चाकाच्या वरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजा : कॅरव्हॅन न जोडता, जोडून सळया सैल ठेवून, आणि सळया ताणून. समजा ८२, ८४ आणि ८३ सेंटिमीटर आलं, तर निम्मी उंची परत आली, ठीक आहे. मागच्या पाट्यांना जादा पान घालणं किंवा हवेच्या पिशव्या बसवणं हा याला पर्याय नव्हे. त्याने गाडीचं शेपूट उचललेलं दिसतं, पण पुढच्या चाकांना एक किलोही परत मिळत नाही. दिसायला सरळ झालेली गाडी चालवायला तशीच हलकी राहते, आणि हा भ्रम फार वाईट.

गाडी किती ओढू शकते हे तिच्या पुस्तिकेत बघा. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत तो आकडा दिलेलाच नसतो. तेव्हा परदेशात त्याच नावाच्या गाडीला दिलेला आकडा उचलू नका. तिथलं इंजिन, चेसिस, थंड करायची व्यवस्था, सगळं वेगळं असू शकतं. उत्पादकाला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माझा सल्ला आहे की भरलेली कॅरव्हॅन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी लागते, आणि कलम ६१ नुसार ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅन आणि ट्रेलरला केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगरवाहतूक वाहनांत जागा आहे. प्रत्यक्ष नोंदणीसाठी आपल्या आरटीओत खरेदीच्या आधी जा, नंतर नव्हे. चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नाही. हे पुन्हा सांगावं लागतं, कारण ट्रॉलीत बसून लग्नाला आणि यात्रेला जायची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि तिने अनेक घरं रडवली आहेत.

बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, मागे दिवे नसतात, हुकाच्या पिनेला लॉक म्हणून तारेचा तुकडा असतो. धानाच्या हंगामात संध्याकाळी अर्जुनी-नवेगाव रस्त्याने जाणाऱ्याला बिनदिव्याची ट्रॉली अचानक समोर येते. कॅरव्हॅनवाल्याने आपली जोड तरी याहून बरी ठेवावी. पिनेला क्लिप, दांड्याखाली एकमेकींवर तिरक्या घेतलेल्या दोन साखळ्या, जोड निसटली तर कॅरव्हॅनचे ब्रेक लावणारी तार, आणि दिव्यांचा चालू प्लग, या चार गोष्टी निघताना रोज हात लावून बघायच्या. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून बॉल आणि चाकांच्या हबला हात लावा. एखादा फार तापला असेल तर पुढे जाऊ नका.

रस्त्यात कॅरव्हॅन डुलू लागली तर काय करायचं हे पुस्तिकेत सविस्तर आहे. इथे इतकंच : स्टिअरिंग सरळ धरा, गतीचं पेडल सोडा, वेग आपसूक उतरू द्या. घाबरून वेग वाढवून ‘ताणून घ्यायची’ युक्ती कोणी सांगितली तर ती ऐकू नका. गाडीचा ब्रेकही दणकून दाबू नका. थांबल्यावर सामान उघडून बघा, जवळजवळ नेहमी उत्तर मागच्या कपाटात सापडतं.

वाचकांना एक विनंती आहे. ही पुस्तिका घेऊन आधी हिचच्या दुकानात जाऊ नका. कॅरव्हॅन भाड्याने, उसनी किंवा विक्रेत्याकडून चाचणीला मिळवा, प्रवासाला न्याल ते सगळं सामान तिच्यात भरा, आणि जवळच्या राईस मिलच्या काट्यावर न्या. तीन पावत्या आणि दांड्याचा एक आकडा, हे चार कागद या पुस्तिकेच्या पहिल्या पानाला टाचून मग पुढचं प्रकरण उघडा.